चाकामागे चाक : परदेशातल्या पहिल्या ट्रायथलॉनबद्दल (सलग पोहणं, सायकल, धावणं) वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे टीटी (टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची) सायकल आहे. युरोपातल्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात 'ड्राफ्ट-लीगल' लिहिलंय. चालेल का? (जळगाव)

नाही. ड्राफ्ट-लीगल म्हणजे पुढच्याच्या चाकामागे लागून वाऱ्याचा आडोसा घ्यायला परवानगी. त्यासाठी खाली वळलेल्या हँडलची रोड बाइकच लागते. कोपरं टेकून पुढे वाकायला हँडलवर वरून जोडायचे दांडे, म्हणजे एअरो बारही आता चालत नाहीत. त्यावर कोपरं टेकली की हात ब्रेकपासून लांब जातात, आणि गटात पुढचा दचकला तर मागचे चारपाच जण आडवे होतात. मागचं डिस्क चाक, म्हणजे आऱ्यांऐवजी भरीव तबकडीचं, घरीच ठेवा. डिस्क ब्रेक मात्र चालतात, नावावरून घोळ करू नका. हँडलच्या टोकांना बुचं हवीतच. तपासणीत ती बघतात, म्हणून दोन जादा जवळ ठेवा. आणि वयोगटाच्या, म्हणजे हौशी स्पर्धकांच्या शर्यतीत पुरुषाने बाईच्या किंवा बाईने पुरुषाच्या मागे ड्राफ्ट करायचं नसतं.

पोहणं कच्चं आहे, पण सायकलवर भरून काढीन. बरोबर ना? (भुसावळ)

इथेच हिशेब चुकतो. स्प्रिंट या छोट्या प्रकारात 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. पाण्यातून 10 सेकंद उशिरा निघालात तर गट 100 मीटर पुढे असतो. गटात दहा जण असले तर ते आळीपाळीने वारा फोडतात, तुम्ही एकटे. अंतर कमी होण्याऐवजी वाढतच जातं. म्हणून पोहण्याबरोबर पहिल्या बदलाची (पाण्यातून सायकलवर), म्हणजे टी-वनची, तालीम करा. आधी हेल्मेटचा पट्टा, मग सायकलला हात; उलट केलंत तर दंड. माउंट लाइन, म्हणजे सायकलवर बसायची रेष, ओलांडल्याशिवाय बसायचं नाही. पेडलला आधीच अडकवलेल्या बुटांत चालत्या सायकलवर पाय घालणं शिकला नसाल तर बूट घालूनच पळा. पहिल्या 200 मीटरमध्ये खाली बघत बूट चाचपडणाऱ्यांमुळेच पडापडी होते.

धुळे महामार्गावर एकटाच चालवतो. गटाची सवय कशी करू? (शिरपूर)

ट्रकांच्या महामार्गावर हा सराव नको. सुट्टीच्या सकाळी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात, तिथे तिघे-चौघे जमा. सुरुवातीला दोन सायकलींत एका सायकलीइतकं अंतर, महिन्याभरात ते अर्ध्या मीटरवर आणा. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवा. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवू नका: तो जरा सरकला की तुम्हीच पडता, तो नाही. वेग कमी करायचा तर ब्रेकआधी अंग सरळ करून वारा छातीवर घ्या. पुढे येऊन वारा फोडायची पाळी 20-30 सेकंदांची पुरे. मागे येताना पेडल थांबवू नका.

आता वळण. युरोपात बहुतेक ठिकाणी वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, त्यामुळे यू-टर्न डावीकडे घ्यावा लागतो. आपलं अंग उजव्या यू-टर्नला सरावलेलं. सहा मीटर रुंदीत डावे यू-टर्न, रोज वीस. ब्रेक आणि हलका गिअर वळणाआधी. वळताना डावं पेडल वर, भार उजव्या पायावर, नजर बाहेर पडायच्या जागेकडे. बाहेर आल्याबरोबर पाचसहा जोरदार पेडलं मारा, कारण पुढचे आधीच पळालेले असतात आणि शेपटीला असलेल्याला सगळ्यात मोठी झेप घ्यावी लागते. म्हणून वळणाला जाताना गटाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात राहा. या एका गोष्टीवर नवख्यांची शर्यत जाते असं आमचं ठाम मत आहे.

तिथलं पाणी 17 अंशांचं असेल म्हणतात. आमच्याकडे तर कोमट! (नंदुरबार)

वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घ्या, पण त्यावर विसंबू नका. वयोगटासाठी पाणी 22 अंश किंवा वर गेलं तर स्प्रिंटच्या अंतराला वेटसूट घालता येत नाही. थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास अडखळतो. सुरुवातीआधी चेहरा बुडवून पाण्यात सावकाश श्वास सोडायचा. धरणात सराव करायचा तर परवानगी आणि सोबत दोन्ही हवीत.

सायकल विमानाने कशी न्यावी? आणि घरची केळी, तूप? (रावेर)

पेडल काढताना गोंधळू नका: डाव्याचे आटे उलटे असतात. पाना वर धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंचं पेडल सुटतं. सीटपोस्टच्या उंचीवर टेपची खूण करा. मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्या पट्टीला लागतो तिच्यावरून, सोडवून चेनसकट फ्रेमला बांधा, जादा हँगर सोबत ठेवा. चाकं काढली की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती घाला, नाहीतर लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. चाकात हवा भरायची सीओटूची नळकांडी तिकडेच विकत घ्या. महागडी सायकल असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून फ्रेम नंबरसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना शुल्काचा वाद होत नाही.

केळी युरोपियन युनियनमध्ये नेता येतात. बहुतेक फळांना लागणारं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र त्यांना लागत नाही. तूप, पेढे आणि इतर दुधाचे पदार्थ मात्र नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला केळीही घरीच ठेवा. तिथे ताजं फळ बॅगेत सापडलं आणि जाहीर केलेलं नसलं की दंड बसतो.