नाथसागरातल्या जुन्या लाकडी होडीची मागची फळी कुजली, इंजिन हलतंय. दुरुस्ती कशी करावी?
इंजिनाच्या बोल्टांभोवती आणि तळाच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर लांबी (पुट्टी) भरून भागणार नाही, फळी बदलाच. जुनी फळी शक्यतो अखंड काढा, तोच साचा. उंची मात्र तीच ठेवा. वाढली तर इंजिनाचा पाण्यातला पंखा हवा खेचतो.

आयएस 710 मानकाच्या मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे) 18 मिमीचे दोन थर इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायच्या गोंदाने) चिकटवा. मे महिन्यात पैठणच्या उन्हात इपॉक्सी भांड्यातच तापून गोठतं, म्हणून पहाटे आणि थोडंथोडंच कालवा. बोल्टाचं भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, पक्कं झाल्यावर त्यात मापाचं भोक पाडा. कूज नेमकी इथूनच शिरते, हे टाळू नका. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या. बोल्ट स्टेनलेसचेच.