बिल झेपत नसेल तर काय कापावं, काय कापू नये

तुम्ही विचारलंय की कमी कमाईची कुटुंबं न परवडणारी वीज-गॅसची बिलं कशी निभावतात, आणि ‘जपून वापरा’ यापलीकडे काही करता येतं का. येतं. पण अशा घरांत उधळपट्टी मुळात नसतेच. बिल भरलं जातं ते दुसरीकडे चिमटा काढून. ताटातलं कमी होतं, रोजची गोळी दिवसाआड घेतली जाते, भाडं पुढे ढकललं जातं, शेवटी उसनवारी. त्यामुळे थकबाकी नाही म्हणजे घर ठीक चाललंय, असं धरू नका. प्रीपेड मीटर असेल तर हाल आणखी झाकले जातात. रिचार्ज संपला की माणसं अंधारात बसतात, आणि थकबाकीदारांच्या यादीत त्यांचं नावही येत नाही.

काटकसर कुठे करायची, याचा हिशेब वॅटवर करा. 1000 वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. 2000 वॅटचा गिझर अर्ध्या तासात तेवढं खातो. 10 वॅटच्या एलईडी दिव्याला त्यासाठी 100 तास लागतात. डोळ्यांना दिवा दिसतो म्हणून आधी तोच बंद होतो, अगदी मुलं अभ्यासाला बसलेली असली तरी. त्यातून जवळपास काहीच वाचत नाही. पाणी तापवणं, खोली गरम किंवा गार करणं, इस्त्री, हीटर, खरा खर्च तिथे आहे. जुना 60 वॅटचा बल्ब उरला असेल तर तेवढा मात्र बदला.

मग बिल नीट वाचा. रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजे लावलंय? मीटरवरचा आकडा स्वतः पाहून ताडून बघा. स्थिर आकार वेगळा काढा, कारण वापर निम्मा केला तरी तो कमी होत नाही. बिल अपेक्षेएवढं का उतरलं नाही, याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं. भरणं जमणार नाही हे दिसलं की मुदत संपण्याआधीच लेखी अर्ज करून हप्ते मागा. लाजेपोटी लोक जोडणी तुटेपर्यंत गप्प राहतात, मग वर पुन्हा जोडणीचा खर्च बसतो. बिलासाठी चढ्या व्याजाचं कर्ज मात्र घेऊ नका. पुढच्या महिन्यात बिलही येतं आणि हप्ताही.

काही गोष्टींना हातच लावू नका. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांचा आणि तान्ह्या बाळांचा पंखा, इन्सुलिन ठेवलेला फ्रिज. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणसं जातात. गॅस परवडत नाही म्हणून लाकडांवर परतणंही स्वस्त पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या अशा धुराने सुमारे 32 लाख बळी घेतले. नाइलाजच असेल तर चूल उघड्यावर मांडा, मुलांना लांब ठेवा.

मागच्या बारा महिन्यांचे युनिट, स्थिर आकार आणि थकबाकी इथे लिहा, ग्राहक क्रमांक झाकून. आकडे पाहून अर्जात काय मागायचं ते सांगते.