भाषण ऐक, पण कायद्याची तारीखही बघ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खेळाडूंच्या स्टेरॉइडसेवनावरून बेसबॉलला वठणीवर आणलं, असं तू लिहिलं आहेस आणि दाखला १७ मार्च २००५ च्या सुनावणीचा दिला आहेस. भाषा छान आहे, तरी लेख परत पाठवतोय. कारण सविस्तर सांगतो.

ती सुनावणी मी टीव्हीवर पाहिली होती. बेसबॉलपटू राफाएल पाल्मेरोने काँग्रेसच्या समितीच्या दिशेने तर्जनी रोखली आणि शपथेवर सांगितलं, मी कधीही स्टेरॉइड घेतलेलं नाही. दुसरा खेळाडू मार्क मॅकग्वायर ‘भूतकाळाबद्दल बोलायला मी इथे आलेलो नाही’ एवढंच घोकत राहिला. पुढे पाल्मेरोच्या चाचणीत स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं आणि ऑगस्टमध्ये तो दहा दिवसांसाठी निलंबित झाला. ती रोखलेली तर्जनी सगळ्यांनी छापली, मीही छापली. पण त्याच दिवशी, या खेळाडूंच्या आधी, काही आईवडील साक्षीला बसले होते. खेळात पुढे जाण्यासाठी स्टेरॉइड घेतलं आणि त्यापायी आमच्या मुलांनी जीव दिला, असं ते सांगत होते. त्यांच्या वाट्याला माझ्या बातमीत दोन ओळी आल्या. ती बोच अजून गेलेली नाही.

आता कायद्याकडे ये. १९९४ साली याच काँग्रेसने आहारपूरकांचा, म्हणजे पोषणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींचा, कायदा केला आणि असं उत्पादन घातक आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारी यंत्रणेवर टाकला. विकणाऱ्याचं काम सोपं झालं. शरीरात गेल्यावर ज्याचं टेस्टोस्टेरॉन होतं ते अँड्रोस्टेनेडायोन दुकानात राजरोस मिळू लागलं. १९९८ च्या ज्या मोसमात मॅकग्वायरने ७० होमरन मारले, त्याच मोसमात एका बातमीदाराला त्याच्या लॉकरमध्ये या अँड्रोस्टेनेडायोनची बाटली दिसली. ती बाळगणं ना देशाच्या कायद्याने गुन्हा होता, ना बेसबॉलच्या नियमाने. ते द्रव्य स्टेरॉइडच्या यादीत घालणारा कायदा व्हायला २००४ चा ऑक्टोबर उजाडला. बाटली दिसल्यापासून सहा वर्षं गेली! आणि पाचच महिन्यांनी कॅमेऱ्यांसमोर खेळाडूंना नीतीचे धडे देणाऱ्यांपैकी एकानेही या दिरंगाईची जबाबदारी अंगावर घेतल्याचं मला आठवत नाही. तुझ्या लेखात मला हे हवं होतं.

राष्ट्राध्यक्ष बुश यांचंही तसंच. २० जानेवारी २००४ च्या वार्षिक भाषणात त्यांनी संघमालकांपासून खेळाडूंपर्यंत सगळ्यांना स्टेरॉइड हद्दपार करा, असं बजावलं. ते स्वतः पूर्वी टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाचे भागीदार मालक होते. स्टेरॉइड घेतल्याची उघड कबुली पुढे पुस्तकातून देणारा होसे कॅन्सेको तेव्हा त्या संघातून खेळला होता, पाल्मेरोही खेळला होता. बुश यांना तेव्हा काही ठाऊक होतं, असं मी म्हणत नाही. पण जो माणूस मालकाच्या खुर्चीत बसलेला होता, त्याने ‘आम्ही मालकांनी काय पाहिलं, काय नाही’ एवढं तरी बोलायला हवं होतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये बेसबॉलपटू रॉजर क्लेमेन्सची पाळी आली. साक्षीआधी तो समितीच्या सदस्यांच्या कार्यालयांतून भेटीगाठी घेत फिरला. प्रत्यक्ष सुनावणीत रिपब्लिकन सदस्य बहुतांशी त्याच्या बाजूने आणि डेमोक्रॅट, त्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिल्याचं सांगणारा त्याचा प्रशिक्षक ब्रायन मॅकनेमी याच्या बाजूने झुकले. सुईत कोणतं द्रव्य होतं, याचा पक्षाशी काय संबंध? क्लेमेन्सवरचा काँग्रेससमोर खोटं बोलल्याचा खटला मग २०११ मध्ये सरकारी वकिलांच्याच चुकीने बारगळला आणि २०१२ मध्ये क्लेमेन्स सहाही आरोपांतून सुटला.

तरी एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे आणि ती लेखात राहायलाच हवी. २००५ च्या सुरुवातीला पहिल्या गुन्ह्याला दहा दिवसांचं निलंबन होतं, नोव्हेंबरमध्ये ते ५० सामन्यांवर गेलं. तुम्ही नियम कडक केले नाहीत तर आम्ही कायदा करू, ही काँग्रेसची धमकी नसती तर खेळाडूंची संघटना आणि मालक इतक्या लवकर एकत्र आले नसते. दबाव कामाला आला. तो दबाव आणि ते दिवसभराचं प्रदर्शन यांत तू फरक केलेला नाहीस, माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

लेख पुन्हा लिही, आणि या वेळी त्या तर्जनीपासून सुरुवात करू नकोस. त्या आईवडिलांची साक्ष सरकारी नोंदीत शब्दशः आहे. आधी ती सबंध वाच, मग १९९४ चा कायदा काढून शेजारी ठेव. शुक्रवारपर्यंत आलं तर रविवारच्या अंकात जागा ठेवतो.