डायग्नॉस्टिक्सला 'निदान' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: संमीलन (फ्यूजन) अणुभट्टीवरच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या भट्टीवरच्या लेखाचा अनुवाद करताना, इंधनचक्रावर लक्ष ठेवणाऱ्या 'गॅस अ‍ॅनालिसिस डायग्नॉस्टिक्स'ना 'वायुविश्लेषण निदान' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. मराठीत निदान केलं जातं. ते साधनाचं नाव नव्हे. डॉक्टर रक्त तपासतात, क्ष-किरण चित्र पाहतात आणि मग निदान करतात. तपासणी आधी, निदान शेवटी. आयुर्वेदातल्या 'माधवनिदान' या ग्रंथनामातही रोगाच्या कारणाचा ठाव घेणं हाच अर्थ आहे. संमीलनाच्या क्षेत्रात मात्र डायग्नॉस्टिक्स म्हणजे मोजमाप करणारी सारी उपकरणं, मग ती प्लाझ्माचं, म्हणजे भट्टीतल्या अतितप्त विद्युतभारित वायूचं तापमान मोजोत, घनता मोजोत की बाहेर पडणाऱ्या वायूंचं प्रमाण. भट्टीत काही बिघडलेलं नसतानाही ती चालूच असतात. त्यातून 'निदान' म्हणजे 'किमान' हा रोजच्या बोलण्यातला अर्थ वाक्यात कुठेही डोकावू शकतो. म्हणून एका उपकरणाला 'वायुविश्लेषक' आणि सगळ्यांना मिळून 'मापनयंत्रणा' म्हणावं.

या यंत्रणेचं काम कळलं की शब्द निवडणं सोपं जातं. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडं (समस्थानिकं) एकत्र येऊन हीलियम आणि न्यूट्रॉन तयार होतात, पण एका फेरीत भट्टीत सोडलेल्या इंधनाचा फार थोडा भागच जळतो. उरलेलं पंपांनी बाहेर ओढून, शुद्ध करून पुन्हा आत पाठवावं लागतं. ट्रिटियम किरणोत्सारी आणि दुर्मीळ असल्यामुळे त्याचा हिशेब चोख ठेवावा लागतो.

खरी अडचण हीलियम मोजताना येते. वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे कणांना वस्तुमानानुसार वेगळं करणाऱ्या उपकरणात, हीलियमची खूण ४.००३ अणुवस्तुमान एककांवर उमटते, ड्यूटेरियमच्या रेणूची ४.०२८ वर आणि हायड्रोजन-ट्रिटियमच्या जोडरेणूची ४.०२४ वर. अशाच साध्या चतुर्ध्रुवी (क्वाड्रपोल) उपकरणाला हे तिन्ही 'चार'च दिसतात. त्यावर एक फार सुंदर उपाय आहे. उपकरणाला विद्युतभारित कणच दिसतात आणि हीलियमचं आयनीभवन व्हायला, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन सुटायला, २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, ड्यूटेरियमच्या रेणूला मात्र साधारण १५.५ पुरते. उपकरणातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा या दोहोंच्या मध्ये ठेवली, की हीलियम गप्प राहतो आणि हायड्रोजनची भावंडंच तेवढी नोंदली जातात. मग ऊर्जा वाढवून पुन्हा मोजायचं आणि फरकावरून हीलियम काढायचा. दुसरी वाट प्रकाशाची: निष्कास वायूत, म्हणजे भट्टीतून बाहेर ओढलेल्या वायूत, छोटा विद्युत विसर्ग घडवून त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा पाहायच्या. हीलियमची पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर असते. हायड्रोजन ६५६.२८ वर, ड्यूटेरियम ६५६.१० वर आणि ट्रिटियम ६५६.०४ वर तांबडा उजळतो. इंग्लंडमध्ये कलहॅम इथल्या 'जेट' या संमीलन यंत्रावर ही प्रकाशीय पद्धत वापरली गेली.

आता याच क्षेत्रातल्या 'रेसिड्युअल गॅस' या दुसऱ्या संज्ञेबद्दल. निर्वात पात्रात पंप चालवूनही जो वायू मागे राहतो, त्याला 'अवशिष्ट वायू' हा शब्द नेमका बसतो. पण इंधनचक्रात बाहेर येणारा वायू 'अवशिष्ट' म्हटला, की तो टाकाऊ वाटू लागतो आणि त्यात तर बहुतांश न जळलेलं इंधनच असतं. तिथे 'निष्कास वायू' लिहावं. हीलियमला मात्र 'राख' म्हणायला माझी हरकत नाही: तो खरोखरच जळून उरलेला असतो आणि साचला तर इंधन विरळ करतो.