थकली असशील तर आधी जेव, झोप

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, नवीन आलीस आणि शब्बाथ शाळेतला बायबलचा वर्ग, गायनमंडळी, बुधवारची प्रार्थनासभा असं सगळंच अंगावर घेतलंस. आता म्हणतेस, प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात, म्हणजे माझा विश्वासच कमी. असं अजिबात नाही गं.

बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा अध्याय 19 सावकाश वाच. कर्मेल डोंगरावर देवाचा एवढा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला आणि तिथेच झोपी गेला. देवाने त्याला फटकारलं नाही, उपदेशही केला नाही. देवदूताने हात लावून उठवलं, म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याची सुरई. तो जेवला आणि पुन्हा झोपला! दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही आधी जेवणच. देवाच्या डोंगराची, होरेबची, 40 दिवसांची वाट आणि तिथलं देवाचं बोलणं त्यानंतर. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

येशूनेही दमलेल्या शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितलं (मार्क 6:31). तेव्हा पाळकांशी मोकळेपणाने बोल, थोडे दिवस वर्ग दुसऱ्या कुणाला घेऊ दे. रात्री स्तोत्र 23 मधली एखादीच ओळ म्हण आणि झोप. मधेच डोळा लागला तर लागू दे. आणि महिनोन्‌महिने झोपच येत नसेल, तर डॉक्टरांनाही दाखव.