लघवीतल्या पेशींवरून किडनीचं निदान होईल का?

प्रश्न : माझ्या वडिलांना 18 वर्षांपासून मधुमेह आहे. लघवीतून प्रथिनं जाण्याचं प्रमाण अचानक वाढल्याने डॉक्टरांनी किडनीची बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवली आहे. सुईच्या नावानेच ते घाबरलेत. लघवीतली एकेक पेशी वाचून आजार ओळखतात, असं ऐकलं. त्यांच्यासाठी तसं करता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आज तरी बायोप्सीऐवजी नाही. हे तंत्र अजून संशोधनातच आहे. पण तुम्ही ऐकलंत ते खरं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर पाहिला. रिपोर्टमध्ये ‘एपिथेलियल (म्हणजे अस्तराच्या) पेशी 2-3’ असं लिहायचे. त्या किडनीतल्या की मूत्राशयाच्या अस्तरातल्या, हे कित्येकदा सांगता यायचं नाही. म्हणून 2021 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं काम वाचताना मी हरखून गेले. मधुमेहाने किडनी बिघडलेल्या पाच जणांच्या लघवीचे 17 नमुने घेऊन तिथल्या संशोधकांनी 23 हजारांवर पेशी तपासल्या. यात प्रत्येक पेशी तेलातल्या इवल्याशा थेंबात एकटी कोंडतात आणि तिच्या आरएनएला, म्हणजे चालू जनुकांच्या नकलांना, त्या थेंबाचा बारकोड (ओळखखूण) लावतात. मग सगळा आरएनए एकत्र वाचला तरी कुठला कुणाचा ते कळतं आणि कोणती जनुकं चालू आहेत यावरून पेशीचं मूळ ठिकाणही. पोडोसिन या प्रथिनाचं जनुक चालू असलेली पेशी किडनीच्या गाळणीवरची, म्हणजे पोडोसाइट. ती गळून गेली की तिची जागा सहजी भरत नाही, म्हणून ती लघवीत सापडणं मला फार मोलाचं वाटतं.

अडचण अशी, की लघवीत पेशी लवकर मरतात. नमुना थंड ठेवून काही तासांतच हाताळावा लागतो. रात्रभर मूत्राशयात साठलेली सकाळची पहिली लघवी अल्ब्युमिन-क्रिएटिनिनसाठी, म्हणजे प्रथिनं किती जातात ते मोजायला, उत्तम, पेशींसाठी नाही. शिवाय किडनीच्या पेशी थोड्या, मूत्राशयाच्या आणि पांढऱ्या पेशींचीच गर्दी.

आणि सुटून आलेली पेशी किडनीची रचना दाखवत नाही. किती गाळण्या व्रण होऊन बंद पडल्या, हे बायोप्सीतच दिसतं. मधुमेह असूनही आजार दुसराच निघाला, असं मी अनेकदा पाहिलंय, आणि मग औषधंच बदलतात. तुमच्या डॉक्टरांनाही बहुधा हीच शंका असावी. त्यांना स्पष्ट विचारा. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई घालतात, हे वडिलांना शांतपणे सांगा. ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांच्या कानावर आधीच घाला.