एमआरआय नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करू नका

ताई, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचलं, ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग पोराला गोळ्या कशाला चारायच्या?’ आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच वाक्य २००९ साली माझ्या वडिलांच्या तोंडून निघालं होतं. मी तेव्हा गप्प बसले.

तुमचा भाऊ २२ वर्षांचा, आठ महिने त्याला आवाज ऐकू येतात, एमआरआय स्वच्छ आला आणि गेले १९ दिवस गोळ्या बंद आहेत. मामा ‘ब्रेन मॅपिंग’ करा म्हणतात, आणि मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी संशोधनासाठी स्कॅन द्याल का असं विचारलंय. स्किझोफ्रेनियाची लक्षणं वगैरे मी सांगत बसत नाही, ती तुम्ही घरात रोज बघताय. मी डॉक्टर नाही. धाकट्या भावाची फाइल इतकी वर्षं सांभाळणारी बहीण आहे, आणि जे लिहितेय ते तेवढ्याच अधिकारानं.

वडील पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर होते. जे मोजता येतं ते खरं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. भावाला पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा गोळ्यांनी तो पाच आठवड्यांत शांत झाला होता. झोपायला लागला, ताटावर बसून जेवायला लागला. डॉक्टरांनी एकदा एमआरआय करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. सांगलीला जाऊन केला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं की मेंदूत कोणताही लक्षणीय दोष आढळला नाही. वडिलांनी ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं आणि गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा डबा कपाटात वर गेला. आई म्हणाली, डॉक्टरांना एकदा विचारूया. वडील म्हणाले, मशीनपेक्षा डॉक्टरला जास्त कळतं का?

आणि तीन महिने तो खरोखर छान होता. याच गोष्टीनं आम्हाला फसवलं. गोळी थांबली की आजार दुसऱ्या दिवशी उलटत नाही. काही आठवडे जातात, कधी काही महिने, आणि तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाची खात्री पटते की गोळ्या उगाचच चालू होत्या. चौथ्या महिन्यात तो रात्री खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायला लागला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घरातून निघून गेला. तीन दिवसांनी मिरज स्टेशनवर सापडला, पायात चप्पल नव्हती. पहिल्या वेळी पाच आठवड्यांत सावरलेला मुलगा दुसऱ्या वेळी दहा महिने सावरत होता. जुन्या मात्रेनं भागेना, गोळी बदलावी लागली, डिप्लोमाचं वर्ष गेलं ते गेलंच. वडिलांना मी दोष देत नाही. ती चिठ्ठी कशासाठी आहे हे विचारायला माझ्याही तोंडात जीभ होती.

डॉक्टर अशा वेळी एमआरआय करायला सांगतात ते ‘दुसरं काही तर नाही ना’ हे बघायला. गाठ, जुना रक्तस्राव, मेंदूला सूज. रिपोर्टमधलं ‘नॉर्मल’ हे तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. (तेही उत्तर पूर्ण नसतं. २००७ मध्ये ओळखला गेलेला मेंदूदाहाचा एक प्रकार आहे, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. सुरुवात वेड्यासारखं वागण्यानं होते आणि एमआरआय बरेचदा स्वच्छ येतो, पाठीतलं पाणी तपासावं लागतं. सगळं अगदी थोड्या दिवसांत सुरू झालं असेल, सोबत ताप, फिट किंवा तोंडाच्या-हाताच्या विचित्र हालचाली असतील, तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, तरी लिहून ठेवते.)

आता कुणी म्हणेल, मग मेंदूत काही बदलच नसतो का? असतो. आणि तो सापडला याचं मोल माझ्या आईला विचारा. १९४८ पासून मानसोपचारात एक शब्द रुजला होता, ज्याचा अर्थ ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’. आमच्या नातेवाइकांना तो शब्द माहीत नव्हता, पण ‘आईनं लाडावून ठेवला’ हे सगळ्यांना पाठ होतं. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टोन आणि टिम क्रो यांच्या गटानं जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या निघाल्या. रुग्ण मोजून १७ होते, पण तिथून लोक या आजाराकडे मेंदूचा आजार म्हणून बघायला लागले. मी हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, म्हणजे माझ्या हातून नाही ना झालं. म्हणून या संशोधनाला कुणी सरसकट थोतांड म्हटलेलं मला चालत नाही.

पण त्याची मर्यादाही त्याच संशोधनातून कळते. १९९० मध्ये अमेरिकेत एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एकाला आजार, दुसरा ठणठणीत. दोघांचे स्कॅन शेजारी ठेवून नुसत्या नजरेनं आजारी कोण ते ओळखायचं होतं. १२ जोड्यांत ओळखता आलं. दोन जोड्यांत फरकच दिसला नाही आणि एका जोडीत निरोगी भावंडाकडे बोट गेलं. विचार करा ताई, तोच चेहरा, तीच जनुकं असलेलं निरोगी भावंड शेजारी असूनही हे असं. तुमच्या भावाला तर जुळं भावंडही नाही. त्याच्या मेंदूत थोडा फरक असला तरी तो कशाशी ताडून बघायचा?

पुढे खूप मोठे अभ्यास झाले. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१६ मध्ये २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसांचे एमआरआय एकत्र केले. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रुग्णांमध्ये सरासरीनं लहान निघाला, पोकळ्या सरासरीनं मोठ्या. सगळी मेख ‘सरासरीनं’ या शब्दात आहे. आमच्या भागातलं सांगते. दोन शिवारांतल्या उसाची सरासरी उंची चार बोटं कमी-जास्त निघाली, म्हणून हातात एक ऊस धरून तो कुठल्या शिवारातला हे सांगता येत नाही. दोन्हीकडे उंच असतात, दोन्हीकडे खुजे असतात. निरोगी माणसांत लहान हिप्पोकॅम्पसवाले भरपूर आहेत आणि रुग्णांत अगदी व्यवस्थित मेंदूवालेही भरपूर. २०१२ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या तज्ज्ञगटानं हे सगळं पुराव्यानिशी तपासलं आणि एकाही मानसिक आजाराचं निदान करायला मेंदूची प्रतिमा अजून उपयोगी नाही असं म्हटलं. २०१८ मध्ये पुन्हा तपासलं, निष्कर्ष बदलला नाही.

म्हणून मामांच्या ब्रेन मॅपिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पैसे घालवू नका. मत माझं आहे, तुमच्या डॉक्टरांनी स्वतः काही विशिष्ट कारणानं, समजा फिटची शंका म्हणून, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) सांगितला असेल तर ती गोष्ट वेगळी. बाहेर ‘मॅपिंग’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा डोक्याला तारा लावून काढलेला ईईजीच असतो, संगणकानं लाल-निळ्या रंगात रंगवलेला. रंग पाहिले की वाटतं, आजार दिसला. आम्हीही अशा एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. त्यांनी रंगीत कागद दिला, आजाराला भलतंच नाव दिलं आणि वीस बैठकांचं पॅकेज समोर ठेवलं.

पैशांपेक्षा मला दुसरंच लागलं. आपल्याकडे ‘ब्रेन मॅपिंग’ हा शब्द लोकांना गुन्ह्यांच्या बातम्यांतून माहीत आहे. संशयिताच्या डोक्यातलं मशीन काढून घेतं, अशी समजूत आहे. (संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलंय.) माझ्या भावाचा भ्रमच हा होता की लोक त्याचे विचार वाचतात. त्या केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘तुमचा मेंदू वाचा’. तो दारातूनच मागे फिरला, आम्ही समजूत घालून आत नेला. पुढे कित्येक महिने तो माझ्याशी नीट बोलत नव्हता, कारण त्याच्या हिशेबात मीही त्या लोकांना सामील झाले होते. तुमच्या भावाला असा काही संशय असेल तर तो शब्दसुद्धा घरात काढू नका.

संशोधनाच्या स्कॅनबद्दल मात्र मी ‘जा’ म्हणेन, पण आत्ता नाही. तो आधी स्थिर होऊ दे. नंतर त्याला स्वतःला विचारा, तुम्ही परस्पर हो म्हणू नका. अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता आहे का, मधेच सोडता येईल का, सोडलं तर नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार नाही हे लेखी आहे का, आणि स्कॅनमध्ये योगायोगानं दुसरं काही दिसलं तर कळवणार का, एवढं विचारून घ्या. पैसे मागितले तर ते संशोधन नव्हे. त्यातून तुमच्या भावाचं निदान पक्कं होणार नाही, ही अपेक्षा घरी आधीच मोडून ठेवा. आणि मशीन फार ठोकल्यासारखा आवाज करतं. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला त्यात शब्द ऐकू येऊ शकतात, माझ्या भावाला आले. कानात बोळे घालतात, हातात दाबायला रबरी फुगा देतात. तो फुगा आधी दोन-तीनदा दाबून बघायला द्या, म्हणजे थांबवणं आपल्या हातात आहे हे त्याला कळतं.

प्रतिमांच्या संशोधनाचा आमच्या भावाला प्रत्यक्ष उपयोग एकाच ठिकाणी झाला, तो गोळीच्या मात्रेत. पेट स्कॅनवरून (औषध मेंदूत कुठं जाऊन चिकटतं ते दाखवणारा स्कॅन) कळलं की बहुतेक औषधांचा गुण यायला डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे साधारण ६५ ते ८० टक्के ग्राहक, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या पेशींवरच्या जागा, झाकले जावे लागतात. त्याच्या वर गेलं की गुण फारसा वाढत नाही, पण अंग आखडणं, हात थरथरणं वाढतं. तेव्हा मान आखडते, चेहरा दगडासारखा होतो असं दिसलं तर ‘गोळी सोसत नाही’ म्हणून बंद करू नका, मात्रा कमी होईल का ते विचारा. ‘या गोळ्यांनी मेंदू आकसतो’ असा निरोपही तुमच्याकडे फिरत येईल. त्याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे, २०११ चा, २११ रुग्णांचा. जास्त औषध आणि मेंदूच्या आकारमानात किंचित घट यांचा संबंध त्यात दिसला होता. त्यावरून कमीत कमी पुरेशी मात्रा ठेवा हे निघतं, गोळ्या फेकून द्या हे निघत नाही.

एक गोष्ट विषयाबाहेरची, पण मला अजून जाळते. वडील गेल्यावर भावाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावं म्हणून अपंगत्वाचा दाखला हवा होता. तिथल्या टेबलावरच्या माणसानं तोच २००९ चा रिपोर्ट चाळला आणि म्हणाला, ‘यात तर काहीच नाही. मग हा आजारी कशावरून?’ फाइल तीनदा परत आली. चौदा महिने गेले. आईचं त्या काळात वजन निम्मं झालं असं मला वाटायचं. मानसिक आजाराचं अपंगत्व आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर ठरतं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, काम, या चार गोष्टी आणि आजार किती काळचा आहे ते, बस्स. त्यात एमआरआय कुठेच नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, पण केसपेपर आत्तापासून तारखेनं लावून ठेवा. दवाखाना कागद देत नसेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ चा उल्लेख करून लेखी अर्ज करा.

वडिलांशी वाद घालू नका, त्यांना पुढच्या भेटीत सोबत न्या. डॉक्टरांना त्यांच्यासमोर एवढंच विचारा: ‘हा एमआरआय तुम्ही काय शोधायला सांगितला होता?’ घरात हे पचायला जड जात असेल तर डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथं आपल्यासारखी घरं भेटतात. माझ्या आईला जे मी सांगून पटलं नाही ते तिथल्या एका आईनं सांगून पटलं.

पण भेटीची वाट बघत बसू नका, १९ दिवस झालेत. आजच डॉक्टरांना फोन करून खंड किती दिवसांचा पडला ते खरं सांगा. फोन लागला नाही तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, रात्रीही चालू असतं. आणि घाबरून आपल्या मनानं जुनी पूर्ण मात्रा एकदम सुरू करू नका. पाकिटावर क्लोझापिन लिहिलेलं असेल तर विशेष सांभाळा, दोन दिवसांहून जास्त खंड पडला की ती पुन्हा अगदी थोड्यापासून चढवावी लागते. पाकिटावरचं नाव आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते कागदावर लिहूनच फोन लावा.